किमोनोची डावी बाजू

"माझ्याकडे नको बघूस. खाली, काचेत बघ," हेइसाकु म्हणाला आणि खोकत राहिला.

इत्सुकोने पुन्हा कॅमेऱ्यावर डोकं वाकवलं. दोन भिंगांचा तो जुना कॅमेरा तिवईवर उभा होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा, आणि बघायचं तेही समोरून नाही, वरून, विहिरीत डोकावल्यासारखं. लग्न होऊन आली तेव्हापासून हे यंत्र घरात होतं. तिने आजवर त्याच्यावरची धूळ तेवढी पुसली होती.

काचेत नवरा डाव्या कडेला गेला होता. तिने कॅमेरा डावीकडे वळवला. तो पारच दिसेनासा झाला.

"अहो, हलू नका ना!"

"मी? मला हलता आलं असतं तर तुझ्या हातात दिला असता का तो?"

जे काय करायचं ते आजच करा, उद्या हे उठून बसतील असं वाटत नाही, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. आणि घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. अख्ख्या गावाच्या लग्नांचे फोटो याने काढले, पण हा कायम कॅमेऱ्यामागे. अशा माणसांचं पुढे काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फोटोवाला कुठल्या तरी ओळखपत्रावरचं तोंड कापतो, भलत्याच्याच किमोनोवर चिकटवतो आणि पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला देतो. "माझं मुंडकं परक्याच्या धडावर बसवलंस तर बघ," असं तो आजारपणभर बजावत होता. म्हणून आज तिने स्वतःच्या हाताने त्याला घराण्याचं चिन्ह असलेला काळा किमोनो घातला होता आणि उशांना टेकवून पडवीतल्या उन्हात बसवलं होतं.

पण फिल्म संपत आली. एका फोटोत बोट आलं. एकदा ती खटका दाबायलाच विसरली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसला की फिल्म फिरवायचं थांबायचं, तर घाईघाईत कितीतरी आकडे तसेच पळाले. आता खिडकीत शेवटचा आकडा होता. नवी फिल्म मिळायची खाली शहरात, आणि रस्ता बर्फाने बंद. डोंगराची सावली त्याच्या गुडघ्यांवरून वर सरकत होती. इत्सुकोला रडू आवरेना.

"एवढा एक तरी नीट येऊ दे रे देवा," ती पुटपुटली.

या खेपेला तो काचेच्या मधोमध आला. तिने चाकी फिरवली तसा चेहरा स्पष्ट झाला, भुवईवरचा व्रण दिसला, मग गळा. किमोनोची उजवी बाजू डावीवर आली होती. जिवंत माणसाची डावी बाजू वर असते. उजवी वर घेतात ती मेलेल्याची.

"अगं बाई! हे काय करून बसले मी!"

रात्ररात्र डोळ्याला डोळा नव्हता. हात काय करतात याचा तिला भरवसा उरला नव्हता. ती धावत त्याच्यापाशी गेली. डोळे भरून आल्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. तिने चाचपडतच पट्टा सैल केला, वरची बाजू आत सारली, आतली वर ओढली. "माणूस अजून बसलाय माझ्यासमोर, आणि मी आपली..."

हेइसाकुने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याला पोटापर्यंत चढलेली सावली दिसली. त्याने तोंड मिटून घेतलं.

"झालं?" त्याने विचारलं.

ती पुन्हा काचेवर वाकली. आता सगळं जिथल्या तिथे होतं. "हो. आता छान दिसताय."

"मग श्वास रोख आणि दाब."

खटका वाजला. थोड्याच वेळात पडवीतलं ऊन गेलं.

इत्सुकोने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं. उजवी बाजू वर होती. तिने काचेत पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"अहो... ही काच..."

"डाव्याचं उजवं दाखवते."

"मग बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुमचं?" ती ओरडलीच.

"तोवर ऊन गेलं असतं. रडू नकोस. फिल्म पालथी टाकून छाप म्हणावं फोटोवाल्याला, गळा सरळ येईल."

"आणि व्रण? तो दुसऱ्या भुवईवर जाईल! त्या माणसाला मी ओळखत नाही. त्याच्यापुढे भात ठेवू मी रोज?"



ती त्याच्यासमोर मटकन बसली आणि पुन्हा पट्टा सोडायला लागली. त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "नंतरचं तुझं एक काम तरी आधीच झालं."