न्हाणीघरातला झरोका

"डावा हात दाखव," मिदहत म्हणाला.

पुलाखाली बसलेले मजूर खो खो हसले.

"साहेब, भिंत पाडायचीय की भविष्य सांगायचंय?"

"त्याचा नको, माझा बघा! दोन्ही हातांनी घण चालवतो मी."

छन्नी-हातोडे वाजवत सगळे गाडीच्या खिडकीशी दाटले. मिदहतच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. कुवेतहून आल्यापासून तो रोज सकाळी शुब्रा वस्तीतल्या या चौकात येत होता, आणि रोज तेच ते हात बघून परत जात होता.

आज सापडला. गर्दीमागे एक बुटका माणूस पावात शिजवलेले वाल भरून खात बसला होता. पाव धरलेल्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती.

"तू. चल."

"काम काय आहे, बाशा?"

"भोक बुजवायचंय."

"एवढंच? त्यात काय!" पाव तोंडात कोंबून तो उठला. "बयूमी म्हणतात मला. बुजवलेलं भोक शोधून दाखवा, तुमचा गुलाम होईन."

स्टिअरिंगवरची मिदहतची बोटं पांढरी पडली.

मिदहत येऊन पोचला तोवर आईचं दफन उरकलं होतं. ती न्हाणीघरात गेली होती, गॅसचा गिझर चालू होता, आणि गिझरवरचा झरोका कुणीतरी विटा-सिमेंटने बुजवून वर रंग फासला होता. आत कोंडलेल्या विषारी वायूला ना वास, ना आवाज. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि ते निघून गेले.

"अम्मीनेच बुजवून घेतला असणार, दादा," धाकटा लुत्फी म्हणाला होता. तोच आईपाशी राहायचा. "थंडी वाजते, थंडी वाजते म्हणायची. धरून आणलं असेल चौकातून कुणाला तरी. मला कळलं असतं तर हातच तोडले असते त्याचे." आणि तो असा रडला, की मिदहतला स्वतःचे अश्रू बाजूला ठेवून त्याला सावरावं लागलं. नंतर लुत्फी म्हणाला, "जाऊ दे आता. हे घर खायला उठतं मला, विकून टाकू."

पण मिदहत जाऊ देणारा नव्हता. खालचा पहारेकरी इदरीस याने त्या मजुराला जिना उतरताना पाहिलं होतं. तोंड आठवत नव्हतं त्याला, पण हात आठवत होता.

इमारत दिसताच बयूमी खुलला. "अरे, इथे येऊन गेलोय मी! तिसरा मजला ना?"

 कुलूप काढून मिदहतने बयूमीला न्हाणीघरात नेलं. गॅसवाल्यांनी झरोका फोडून पुन्हा उघडला होता. तुटक्या विटांतून उजेडाचा पट्टा आत पडला होता.

"हाय रे देवा! कुठल्या गाढवाने फोडलं हे? इतकं सफाईदार काम!"

"तुझंच काम?"

"नाहीतर कुणाचं? बघा की, रंगाला रंग मिळालाय." बयूमी तुटक्या कडेवरून मायेने बोट फिरवत होता.

मिदहतच्या कानशिलात घण पडू लागले. तो बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याने लुत्फीला फोन लावला.

"घरी ये. आत्ता."

"काय झालं, दादा? दुकानात गिऱ्हाईक आहे."

"ये म्हणतोय ना!"

परत आला तेव्हा बयूमी सिमेंट कालवत होता, गुणगुणत होता. मिदहतने लाथेने घमेलं उडवलं. सिमेंट फरशीभर पसरलं.

"या फरशीवर माझी आई मेली."

बयूमीला आधी कळलंच नाही. मग त्याची नजर गिझरवर गेली, झरोक्यावर गेली, आणि तोंडावरचं हसू विझलं.

"कोण... इथली म्हातारी हाज्जा?"

"तू बुजवलंस, ती आत गेली, आणि मेली. सफाईदार काम!"

"बाशा, कुराणाची शपथ! मी विचारलं होतं, गिझर आहे ना इथे म्हणून. मला सांगितलं, गिझर आजच निघतोय, विजेचा बसतोय. मी तर—"

"मेलेल्या बाईवर ढकलतोस?" मिदहतने त्याच्या कानाखाली वाजवली. बयूमी भिंतीवर आदळला, ओठ फुटला. त्याने हात उगारला नाही. मिदहतला त्याचाच जास्त संताप आला. गळा धरून त्याने त्याला खाली बसवलं.

"विजेचा गिझर! सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः पैसे पाठवून हा बसवलाय. तिला माहीत नव्हतं? ती असं सांगेल? बोल!"

"ऐका तरी, साहेब..."

"चौकात रोज हात बघत फिरलो मी तुझ्यासाठी. वेड लागलंय म्हणून हसले सगळे. आता ठाण्यात चल आणि तिथे ऐकव."

"मला लेकरं आहेत, साहेब. मजुराचं कोण ऐकतं तिथे?"

"माझ्या आईचं कुणी ऐकलं? दार ठोठावलं असेल तिने. हाका मारल्या असतील."

बयूमी हमसाहमशी रडू लागला. आपण केलेलं काम त्याला आत्ता, पहिल्यांदाच दिसत होतं. त्याच्या रडण्याने मिदहतच्या छातीतली आग मुळीच कमी होत नव्हती.

बाहेर किल्ली फिरली. लुत्फी धापा टाकत आत आला. "काय झालं, दादा? कुणावर ओरडतोयस?"

"सापडला," मिदहत म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. "हाच तो. बघून घे नीट."

बयूमीने मान वर केली. डोळे पुसले. आणि बुडत्याला काठ दिसावा तसा तो धडपडत उठून लुत्फीच्या पायांशी गेला.

"देवासारखे आलात, साहेब! तुम्हीच सांगा यांना, तुम्हीच आणलं होतंत ना मला? तुम्हीच म्हणालात ना, वरून रंग दे, म्हातारीला कळता कामा नये?"