धोळीची दवंडी

"कायद्यापुढं सगळे सारखे!" कोंडवाड्याच्या फाटकाजवळच्या दगडावर चढून सरपंच सदाशिवरावांनी जाहीर केलं. "राजा असो, रंक असो, नाही तं गाय असो!"

त्यांच्या मागं त्यांचा साळा गोविंदा नवं कोरं दावं घेऊन उभा होता. लिलाव अजून सुरू व्हायचा होता. पण गाय कोणाकडं जाणार, हे दाव्याला आधीच ठाऊक होतं.

गाय पांढरी होती, दुभती होती आणि तांड्यावरच्या बिजलीबाईची होती. सोळा दिवस बिजलीबाई तिला जंगलात शोधत होती. आज ती घाटंजीच्या बाजाराला निघाली, तर कोंडवाड्यातून ओळखीचं हंबरणं ऐकू आलं.

"धोळी माही हाये," ती म्हणाली. "काय दंड असंन तो घ्या. गाय द्या."

"मुदत सरली, बाई. नोटीस लागली होती."

"कुठं?"

सदाशिवरावांनी बोट दाखवलं. नोटीस कोंडवाड्याच्या आतल्या भिंतीला होती. मजकूर जनावराविषयी असल्यामुळं ती जनावराला दिसेल अशी लावली होती. खालची अर्धी धोळीनं खाल्ली होती.

तेवढ्यात गावचा कोतवाल फकिरा खाकरला. लिलावाला डफडं घेऊन हजर राहायचा त्याला हुकूम होता. बोलायचा नव्हता.

"दवंडी राह्यली जी."

"कशाची?"

"गाईची. जनावर कोंडलं का एक दवंडी गावात, एक जवळच्या बजारात. मंग सात दिवस वाट पाह्याची. मंग लिलाव. मी तं वाजवलीच नाही. कोणी सांगतलंच नाही."

"तू मले कायदा शिकवतं का बे?"

"शिकवत नाही जी. सांगतो. तेच तं काम हाये माहं."

ते खरं होतं. लग्नात आणि देवापुढं डफडं वाजवणं फकिरानं छप्पन साली, बौद्ध झाल्यावर, सोडलं होतं. सरकारचं तेवढं ठेवलं होतं. तीस वर्षं तो गावाला कायदे ओरडून सांगत होता. शेतसारा, देवीची लस, कोंडवाडा, कुळाचा हक्क. डफडं वाजलं की आपल्याकडं काहीतरी मागायला आले, असं समजून गाव मागच्या दारानं पसार होई. ऐकायला एकटा फकिरा उरे. त्यामुळं गावात कायदा त्या एकट्यालाच पाठ होता.

"पुस्तक काढा!" सदाशिवराव पंचायतीच्या सेक्रेटरीला, देवीलालला म्हणाले. आवाजात जरब होती. ते पुस्तक अजून कोणी उघडलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं.

कपाटातून पुस्तक आलं. छापखान्यातून येताना त्याची पानं कडेला जुळलेली होती, ती अजून तशीच होती. देवीलाल नखानं खटपट करू लागला. बिजलीबाईनं कमरेचा विळा काढून त्याच्या हातात दिला.

अशा रीतीनं त्या गावात कायद्याचं पुस्तक उघडलं.

देवीलालचं बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. त्यानं मान वर केली नाही. "लिहिलं हाये," तो पुस्तकालाच म्हणाला. "गावात अन् बजारात. डफडं वाजवून."

"हे इंग्रजाच्या वेळचं हाये!" सदाशिवराव कडाडले. "आता आपलं राज्य हाये!"

"इंग्रजाच्याच वेळचं हाये जी," फकिरा म्हणाला. "तुमच्या बाबाची म्हैस याच कोंडवाड्यात होती. मी कामावर नवाच होतो. साह्यबानं मले दोन्ही जागी बोंबलाले लावलं. बाबा धावत आले, म्हैस सुटली." त्यानं डफडं काखेत घेतलं. "तिचं दूध तुम्ही पेले जी. म्या पाह्यलं हाये."

गर्दीत कोणीतरी हसलं आणि मग खोकला आल्यासारखं केलं.

हुकूम आपलाच असावा म्हणून सदाशिवराव म्हणाले, "मंग वाजव ना आता! कोणी अडवलं तुले?"

फकिरा दगडापाशी आला. दगडावर जागा एकाचीच होती. तो थांबून राहिला. सदाशिवराव उतरले.

त्यानं फेटा सारखा केला. डफडं तीनदा कडकडलं.

"ऐका हो ऐका! पांढरी गाय, डाव्या शिंगाले तडा, सोळा दिवसांपासून कोंडवाड्यात हाये! जिची असंन तिनं ओळख सांगून, दंड भरून, कायद्यानं घेऊन जावी हो!"

गाव पळालं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच दवंडी शेवटपर्यंत ऐकली गेली. फकिराला पुढं काय करायचं ते सुचेना. तो तसाच ताठ उभा राहिला.

"माही हाये!" बिजलीबाई ओरडली. ती दगडापासून तीन हातांवर होती, पण आवाज घाटंजीच्या बाजारात पोचेल असा लावला होता. दवंडी दोन्ही जागी व्हायची होती ना.

तिनं पदराची गाठ सोडून दंड भरला. देवीलालनं पावती फाडली. फाटक उघडलं आणि नोटिशीचा उरलेला अर्धा भाग चघळत धोळी बाहेर आली.

बिजलीबाईनं तिच्या मानेवर हात ठेवला. फकिराकडं बघून तिनं मान लववली. फकिरानंही लववली. मग ती सरपंचाच्या साळ्याकडं वळली.

"ओ पाव्हणे," ती म्हणाली, "ते दावं द्या ना जराक. मी बजाराले निघालती, आणलं नाही. पुढच्या बजारी वापस करीन."