गोंदियात चालेल अशी शाखा

संघदीपला चेन्नईत समुद्र अभियांत्रिकीच्या पीएचडीला प्रवेश मिळाला आणि इकडे गोंदियात त्याच्या प्रेयसीच्या, खुशबूच्या बाबांनी, सेवकरामजींनी, अट घातली. "पोरगी गोंदिया जिल्ह्याबाहेर देत नाही मी. समुद्र इकडं आणता येत असन तं बोल."

आता पीएचडीसाठी शाखा निवडायची होती. बंदरं, जहाजं, समुद्रातल्या पाइपलाइनी... यातलं जिल्ह्यात काहीच नव्हतं. गाइडने लाटा सुचवल्या. "लाटा घेतल्या तं लग्न जाते," असं खुशबूला फोनवर सांगून संघदीपने त्सुनामी घेतली.

"त्सुनामी? थे गोंदियात कायले येईन?" खुशबू ओरडली.

"तेच तं!"

प्रबंधात त्याने सिद्ध केलं, की त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र त्सुनामी कधीच पोहोचणार नाही अशा जागी हवं. सरकारला ते चक्क पटलं. केंद्र गोंदियाजवळच्या फुलचूरला उघडलं, संघदीप त्याचा प्रमुख झाला आणि पुढच्याच महिन्यात लग्नही लागलं.

फुलचूरला अजून एकही त्सुनामी आलेली नाही. सेवकरामजी पानठेल्यावर छाती फुगवून सांगतात, "येईन कशी? जावई ड्यूटीवर हाय नं!"