किती वर्षं धरायची

माणसाच्या आयुष्याची किंमत करता येत नाही, असं विमा कंपनीच्या जिन्यात पितळी अक्षरांत लिहिलं होतं. ती दुसऱ्या मजल्यावर केली जायची. तो दुसऱ्या मजल्यावर कामाला होता.

घरीही त्याचा कायदा एकच. वस्तूची किंमत भागिले वापराची वर्षं. छत्री, चपला, मिक्सर, सोफा, सगळं या भागाकारातून पार पडूनच उंबरा ओलांडून आलं होतं. बायको म्हणायची, "नशीब, आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही नोकरीला लागला नव्हतात. नाहीतर मी बाहेरच राहिले असते."

आज भागाकाराला बसला होता कपडे वाळवायचा ड्रायर. तोही दुकानातला सगळ्यात महागडा. माहितीपत्रकावर एक बाई पांढऱ्याशुभ्र टॉवेलला गाल लावून, डोळे मिटून उभी होती. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी नसावं.

यांच्या घरी त्याची आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाहेरच्या खोलीतली कॉट हेच तिचं घर. दिवसाला चार-पाच चादरी निघायच्या. फ्लॅटची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीत उघडायची, त्यामुळे ऊन आलंच तर पत्ता चुकून. चादरी दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, टीव्हीवरसुद्धा पसरलेल्या असत आणि तिसऱ्या दिवशीही दमटच्या दमट. शेवटी बायको त्या इस्त्रीखाली कोरड्या करायची. मनगटाला पट्टा बांधून. डॉक्टरांनी त्या हाताला पूर्ण विश्रांती सांगितली होती. ती कुठे मिळते, ते सांगितलं नव्हतं.

बसायची जागा एकच असल्यामुळे चर्चाही कॉटच्या उशाशीच चालली होती. आईचे डोळे मिटलेले होते. म्हणजे ती झोपली आहे, असं दोघांनी सोयीनं मानलं होतं.

"स्वस्तातला पण आहे एक," तो म्हणाला. "पण तो कपडे ओलसरच सोडतो. दुकानदारानंच सांगितलं."

"मग हा घ्या."

"घेऊ ना. प्रश्न एवढाच, की वर्षं किती धरायची?"

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. "कसली वर्षं?"

"वापराची. आपल्या दोघांच्या कपड्यांना काही असलं मशीन लागत नाही."

हे बोलून झाल्यावर ते त्यालाही ऐकू आलं.

"पाच धरा," बायको खालच्या आवाजात म्हणाली.

"पाच..." तो घुटमळला. हे वय आणि असा खुबा, याला दुसऱ्या मजल्यावर पाच कोणी धरत नसे. तिथला आयुर्मानाचा तक्ता त्याला तोंडपाठ होता.

"मग किती? तोंडानं बोला की."

"मला वाटतं, जरा थांबून बघावं."

"कशासाठी थांबायचं?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. त्यानं माहितीपत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला तीच बाई होती, या वेळी दुसऱ्या गालाला टॉवेल लावून.

"दहा धर रे, बाळ्या," कॉटवरून आवाज आला.

दोघांनी वळून बघितलं. आईनं डोळे उघडले नव्हते.

"अगं आई, तसं काही नाही..."

"कसं नाही? दोन धरलीस तर महाग पडणार. दहा धरलीस तर स्वस्त. तुझाच ना भागाकार?"

"आई, तुम्ही पडून राहा बघू," बायको म्हणाली.

"दुसरं काय करतेय गं मी?"

काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं मोबाइलवर दहानं भागलं, मग वर्षाच्या दिवसांनी. उत्तर खरोखरच लहान आलं. एवढ्यात धड चहासुद्धा येत नव्हता. त्या आकड्याकडे तो गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसला. दोननं भागायला त्याचं बोट धजलं नाही.

"मी काही दहा काढत नाही," आई म्हणाली. "पण उरलेली वाया जायची नाहीत. तुला होतील. तुझ्या बापाची हाडंही अशीच ठिसूळ होती."

बायकोला हसू आलं. मग ते आल्याचं वाईट वाटलं आणि ती मनगटाचा पट्टा उगाचच घट्ट करत राहिली.

त्यानं दुकानात फोन लावला. मोठाच पाठवा म्हणाला. दुकानदार म्हणाला, उद्या दुपारपर्यंत घरी येईल, आणि साहेब, विचार करून निर्णय घेतलात, अशी वस्तू पुन्हा पुन्हा घेणं होत नाही. तो "हो" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. इतकं, की आजची चादर आपणही बदलू लागू, असं तो आपणहून म्हणाला.

"पाय धरा," बायको म्हणाली. "आणि हळू."

दोघांनी मिळून आईला कुशीवर वळवलं. चादर भिजलेली होतीच. पण तिच्याखालचं प्लास्टिक सरकून भिंतीशी गोळा झालं होतं. बायकोनं गादीवर तळहात दाबला आणि उचलून बघितला. गादी कमरेपासून खालपर्यंत ओली होती. गार होती. म्हणजे बराच वेळ झाला होता.

"आई, हाक नाही का मारायची?"

आई भिंतीकडे तोंड करून होती.

"तुमचं चाललं होतं ना," ती म्हणाली. "म्हटलं, हिशोब होऊ दे आधी."

तो आईचे पाय धरून तसाच उभा राहिला. गादी कापसाची होती, डबल. गादी ड्रायरमध्ये मावत नाही.