ज्याच्या त्याच्या उंचीवर

"काका, खाली वाकायचं नाही. तुमचं अंडं खुर्चीच्या पाठीच्या उंचीवरच आहे," शिंपीणबाईंनी दटावलं.

समोरचे पेन्शनर काका ओशाळून हसले. ईस्टरच्या सकाळी रांगत्या बाळापासून काकांपर्यंत अख्खी गल्ली बाईंच्या घरात अंडी शोधायला लोटायची. नियम एकच, आपलं नाव असलेलंच अंडं उचलायचं. बाई आठवडाभर आधी प्रत्येकाला टेप लावून मोजत आणि ज्याच्या त्याच्या हाताला येईल अशा बेताने रंगवलेलं अंडं लपवत.

एक अंडं मात्र दर वर्षी तसंच राहायचं. खेळ मुळात सुरू झाला होता तो बाईंच्या मुलासाठी. तो सहा वर्षांचा असताना कोर्टाने त्याला बापाकडे दिलं आणि बाप त्याला घेऊन दूरच्या शहरात निघून गेला. त्याला अकरा वर्षं झाली. बाई तरीही त्याचं अंडं लपवायच्याच, दर वर्षी अंदाजाने चार बोटं वर.

"असं करत करत छताला टेकेल हो ते," शेजारीण एकदा म्हणाली होती. बाईंनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला.

या वर्षी पहिल्यांदाच फोन आला.

"त्याला यायचंय," एकेकाळचा नवरा म्हणाला. "दाराशी त्या तीन पायऱ्या आहेत ना अजून?"

"आहेत. का, गुडघे गेले वाटतं तुमचे?"

"ईस्टरला बारापर्यंत पोचतो," एवढंच तो म्हणाला.

"त्याची उंची तेवढी सांगा. मला माप हवंय."

"आल्यावर बघ."

मेल्याची खोड काही जात नाही, साधं माप द्यायलाही जीव जातो! पोर आजोबांच्या वळणावर गेलेलं, आजोबा सहा फूट. बाई स्टुलावर चढल्या, अंडं कपाटाच्या माथ्यावर ठेवलं आणि खाली उतरून धाय मोकलून रडल्या. त्याने आपल्याला ओळखलंच नाही तर? परक्यासारखं 'बाई' म्हणाला तर?

बारा वाजले. सगळ्यांना आपापली अंडी सापडली. शेजारीण टोपल्या आवरू लागली.

"येईल हो," ती म्हणाली, पण बाईंची नजर चुकवून.

बाहेर गाडी थांबली. खिडकीशी उभे असलेले काका गल्लीतल्या बेकरीवाल्याला हाताने खुणावून बाहेर घेऊन गेले. पायऱ्यांवर काहीतरी जड उचलल्याची धडपड ऐकू आली. सामान बरंच दिसतंय, म्हणजे चार दिवस राहणार, बाई हरखल्या आणि त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाने मान वर करून विचारलं, "आई, माझं अंडं कुठंय?"