भाऊसाहेबांचा आमदार

देवमन बंगल्याच्या पायऱ्या चढून वर आला तेव्हा त्याचा मुलगा भाऊसाहेबांच्या खुर्चीमागे उभा होता. मुलगा म्हणजे किशोर, तालुक्याचा आमदार. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो बसला नव्हता.

सोमवार होता. दर सोमवारी इथे जनता दरबार भरतो. भाऊसाहेबांचे आजोबा आमदार होते तेव्हाही तो याच व्हरांड्यात भरायचा, वडील होते तेव्हाही, आणि पुढे भाऊसाहेब स्वतः होते तेव्हाही. मग मतदारसंघ राखीव झाला. त्या दिवशी वस्तीत निळा गुलाल उधळला होता. आता आपला माणूस विधानसभेत जाणार म्हणून देवमनसुद्धा ढोलापुढे नाचला होता. तसा आपला माणूस गेलाही. आधी भाऊसाहेबांच्या शाळेतला मास्तर गेला, त्यानंतर त्यांच्या जिनिंगमधला सुपरवायझर, आणि या खेपेला त्यांच्या पतसंस्थेतला कारकून किशोर. दरबार मात्र या व्हरांड्यातून तसूभरही हलला नाही.

"जयभीम," देवमन म्हणाला.

"नमस्कार, नमस्कार," भाऊसाहेब म्हणाले. किशोरने नुसती मान हलवली. घरी त्याच्या तोंडून पहिला शब्द जयभीमच निघायचा. इथे तो का निघाला नाही, हे देवमनला कळलं आणि कळल्याचं वाईट वाटलं.

"बस, देवमन. अरे, आमदाराचा बाप तू, अन् तुले काहून इथं यावं लागते?" भाऊसाहेब हसले. बसलेली मंडळीही हसली.

"घरी काम सांगतलं का पोरगं म्हणते, बंगल्यावर या. म्हून आलो."

"बोल मंग. काय पाहिजे?"

देवमनने मुलाकडे पाहिलं. काय पाहिजे ते किशोरला ठाऊक होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"वस्तीच्या मसनात टिनाचं शेड पाहिजे," देवमन म्हणाला.

गावाच्या स्मशानाला शेड आहे, बाक आहेत, नळसुद्धा आहे. वस्तीचं मसन वेगळं, नाल्याच्या काठाला, वर नुसतं आभाळ. निवडणुकीच्या आधीच्या श्रावणात पार्वताबाई गेली, देवमनची बायको, किशोरची आई. सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रॉकेल संपलं, टायर संपले, सरण काही धरेना. शेवटी चार जणांनी घरावरचे टिनाचे पत्रे काढून आणले आणि सरणावर धरून उभे राहिले. एका कोपऱ्याला किशोर होता. पत्रा तापला, तळहात भाजले, पण त्याने पत्रा सोडला नाही. तिथेच ओल्या अंगाने तो बापाला म्हणाला होता, "बाबा, निवडून आलो तं पयलं काम हेच."

पुढे प्रचारात त्याने हे प्रत्येक वस्तीत सांगितलं. आधी सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. नंतर नंतर तो बरोबर जागच्या जागी भरून येऊ लागला.

"शेड द्याले काही नाई," भाऊसाहेब म्हणाले. "पन ती जागा माह्या संत्र्याच्या बागेच्या धुऱ्याले लागून हाय, देवमन. एकदा पक्कं बांधकाम झालं का ते कायमचं झालं. मंग ते हटत नसते. दुसरीकडं जागा पाहू."

"दुसरीकडं कुठी? आमचे बाप-आजे तिथंच जळले."

"पाहू ना. घाई काय हाय? तवपर्यंत सिमेंटचे बाक घेऊन जा वस्तीसाठी. पाहिजे तेवढे घे. तुह्या पोराचं नाव टाकू त्याच्यावर, मोठ्या अक्षरात." भाऊसाहेबांनी मान न वळवताच विचारलं, "काय आमदार?"

व्हरांड्यात सगळे किशोरकडे बघू लागले. देवमनही बघत होता. याने आता एकदा तरी नाही म्हणावं, मग मेलो तरी चालेल, असं त्या म्हाताऱ्याला वाटून गेलं.

"बराबर हाय, भाऊसाहेब," किशोर म्हणाला. "दुसरीकडं पाहू."

"आन तुह्या त्या भाषणानं बाया काय रडल्या रे," भाऊसाहेब कौतुकाने म्हणाले. "आपल्याले हजार मतं तं तेवढ्यावरच पडली असतील." आणि त्यांनी पुढच्या माणसाला जवळ बोलावलं.

देवमन उठला. पायऱ्या उतरला. फाटकापाशी आमदाराची पांढरी गाडी उभी होती, तिच्या सावलीत गनमॅन मोबाइल बघत होता. किशोर मागून धावत आला. गनमॅन खाडकन उभा राहिला, तसा किशोर ओशाळला आणि त्याने बापाला दोन पावलं बाजूला नेलं.

"बाबा, राग नका धरू. पुढचं तिकीट बी त्यायच्याच हातात हाय. मी आज नाई म्हटलं असतं तं उद्या दुसरा कोनी उभा केला असता त्यायनं. मले उलीसा वेळ द्या. करतो मी."

देवमनला संताप आला होता. आईच्या सरणावर मतं मागितलीस, म्हणून सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवावी, असंही मनात आलं. पण समोर उभं असलेलं पोर घामाने भिजलं होतं आणि बोलताना दोनदा बंगल्याकडे वळून बघत होतं. देवमनने त्याची कॉलर सारखी केली.

"नको जीवाले तरास करून घेऊ," तो म्हणाला. "मी उन्हायात मरीन."