ऐनवेळी झुकलेलं डोकं

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातल्या धडकेनंतर मी गवतात उताणा पडलो होतो आणि माझ्या हेल्मेटशेजारी पंचांनी नियमभंग दाखवायला फेकलेला पिवळा रुमाल पडला होता. "ऊठ ना रे, वळू! मी तुझ्या छातीवरच येत होतो, देवाशपथ," मला पाडणारा, समोरच्या संघातला ओडेल रडत म्हणाला. खरंच होतं ते. चेंडू पोटाशी धरून पळताना ऐनवेळी मीच डोकं झुकवलं होतं. "चूक माझी आहे," मी पुटपुटलो. "बोलू नकोस, राजा, हलू नकोस," म्हणत डॉक्टरीणबाईंनी माझी मान दोन्ही हातांत धरली. मोठ्या पडद्यावर तीच धडक संथ करून दाखवत होते, त्यात ओडेल कसाई दिसत होता. "डोक्यावर धडक! बाहेर हो!" पंचांनी फर्मावलं. ओडेलला आपल्या संघात निवडायला आज कॉलेजवाले आले होते. आमचं गाव आनंदानं ओरडलं. पंचांना थांबवायला मी हात वर केला, असं मला वाटलं. हात गवतातच पडून होता.